वादात देव कुठे असतो? (गीता १०.३२)



विभूतियोगात आज आपण ३२ व्या श्लोकापाशी आलोय. अर्जुनाने विचारलंय, देवा, तुझं चिंतन करायचं तर तुला कुठे कुठे पाहू? आणि भगवंत एकेक ठिकाण सांगत चाललेत. झाडांमध्ये पिंपळ मी, स्थावरांमध्ये हिमालय मी, कालच्या श्लोकात नद्यांमध्ये गंगा मी. इथपर्यंत सगळं आपल्या सवयीचं. पिंपळाला आपण पाणी घालतो, गंगेचं पाणी देव्हाऱ्यात ठेवतो. आज मात्र दोन वेगळ्याच गोष्टी येतात. विद्यांमध्ये अध्यात्मविद्या मी, आणि वाद करणाऱ्यांमध्ये वाद मी.

वाद म्हटलं की आपल्याला भांडण आठवतं. "वाद घालू नको" हे वाक्य ऐकतच आपण सगळे मोठे झालो. त्यात आपण थोडंफार नामस्मरण करणारे, त्यामुळे ऑफिसात कोणी चुकीचा मुद्दा रेटला की मनात येतं, जाऊ दे, कशाला बोला, आपली शांती बिघडेल. मग निर्णय चुकीचा होतो, रात्री दोन वाजता टीमला उठावं लागतं, आणि आपण त्याला प्रारब्ध म्हणतो. हे प्रारब्ध नाही हो. मीटिंगमध्ये जे बोलायला हवं होतं ते कोणी बोललं नाही, त्याचा तो परिणाम असतो.

दुसरं टोकही आपल्यात आहे. हुशार माणूस, तोंडाने तिखट, मीटिंगमध्ये समोरच्याला गप्प करतो आणि जेवताना तीच गोष्ट हसून सांगतो. दोघांनाही आजचा श्लोक लागू आहे. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितोय. समोरच्याचा मुद्दा तर्काने कसा खोडायचा, आणि खोडताना आपण भगवंताच्या विभूतीत आहोत की अहंकाराच्या, हे कसं ओळखायचं, असे आजच्या अभ्यासाचे दोन भाग आहेत.

आधी तीन शब्द नीट समजून घेऊ

शंकराचार्य या श्लोकावरच्या भाष्यात सांगतात की बोलण्याचे तीन प्रकार इथे डोळ्यांसमोर ठेवायचे: वाद, जल्प आणि वितंडा. त्यांतला वाद श्रेष्ठ, कारण त्यातून अर्थाचा निर्णय होतो. हे तीन शब्द गौतमांच्या न्यायसूत्रांतले. न्यायदर्शनात जे सोळा पदार्थ सांगितलेत त्यात प्रमाण, संशय, दृष्टांत, तर्क, निर्णय यांच्याबरोबर हे तिन्ही आहेत. म्हणजे बोलण्याची पद्धत हा आपल्याकडे ज्ञानाचाच एक विषय मानला गेला.

वाद म्हणजे दोन बाजू, दोघांकडे पुरावा आणि तर्क, आणि दोघांनाही खरं काय ते हवंय. आपलं म्हणणं चुकीचं ठरलं तरी चालेल, निर्णय बरोबर झाला पाहिजे.

जल्प म्हणजे दोन्ही बाजू आहेत, पण दोघांना जिंकायचंय. त्यासाठी शब्दांची फिरवाफिरव, विषयांतर, काहीही चालतं.

वितंडा म्हणजे फक्त समोरच्याचं खोडायचं, स्वतःचं काहीच मांडायचं नाही. "हे चालणार नाही, तेही चालणार नाही." मग काय करायचं विचारलं की उत्तर नाही. मराठीत आपण "वितंडवाद" म्हणतो तो इथूनच आला.

पुढच्या मीटिंगमध्ये गप्प बसून दहा मिनिटं फक्त ऐका. कोण वाद करतोय, कोण जल्प, कोण वितंडा, हे लगेच कळेल. एकच माणूस एका तासात तिन्ही करतो, हेही दिसेल.

आपल्याच जिल्ह्यातला वादपटू

मी मूळचा पारोळ्याचा. आमच्या भागाबद्दल लोकांना कापूस, केळी, भरीत आणि ऊन एवढंच माहीत असतं. पण शेजारच्या अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, जिथे देशभरातून लोक वेदांत आणि तर्क अभ्यासायला येत. त्याच अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची जी कंपनी निघाली ती पुढे विप्रो झाली. आमच्या क्षेत्रातल्या पोरांना दुसरी गोष्ट माहीत असते, पहिली नसते.

त्याहून जुनी गोष्ट चाळीसगावच्या पुढे पाटणादेवीची. तिथल्या चंडिकेच्या देवळात शके ११२८ चा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. (हे चांगदेव वेगळे, ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवणारे योगी चांगदेव वेगळे.) त्या लेखात भास्कराचार्यांचं एक वर्णन आहे, ते मला फार आवडतं. त्यांच्या शिष्यांशीसुद्धा वाद करू शकेल असा वादी कुठे सापडत नसे, अशा अर्थाचं. गणिती म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांच्या घराण्याने दगडावर कोरून ठेवली ती वादाची ताकद.

ते वाद कसा करत, हे सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात दिसतं. हा ग्रंथ ११५० चा, तेव्हा त्यांचं वय ३६. पृथ्वी कशावर तरी टेकलेली आहे असं तेव्हा अनेकांचं म्हणणं. भास्कराचार्य म्हणतात, ठीक आहे, पृथ्वीला आधार आहे असं धरू. मग त्या आधाराला आधार कोणाचा? त्यालाही दुसरा लागेल, त्याला तिसरा. याला शेवटच नाही. आणि शेवटी कुठेतरी थांबून तुम्ही म्हणणार असाल की हा शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीवर उभा आहे, तर ती शक्ती पहिल्यांदाच पृथ्वीत का मानत नाही?

कोणी म्हणे पृथ्वी सतत खाली पडतेय. त्यावर त्यांचं उत्तर, वर फेकलेली जड वस्तू परत जमिनीवर येताना रोज दिसते, मग असं कसं म्हणता?

आणि पृथ्वी सपाट दिसते त्याचं काय? इथे त्यांनी समोरच्याला वेडा ठरवलेलं नाही. मोठ्या वर्तुळाचा अगदी छोटा तुकडा घेतला तर तो सरळच दिसतो. पृथ्वी प्रचंड, माणूस इवलासा, म्हणून त्याला ती सपाट दिसते. म्हणजे तुला दिसतं ते खोटं नाही, तू काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मला वाटतं मुद्दा खोडण्याची ही सगळ्यात सुंदर रीत. समोरच्याला तसं का वाटलं हेही सांगायचं, म्हणजे त्याची इज्जत राहते आणि मुद्दा मात्र उरत नाही.

मुद्दा खोडण्याची साधनं

आता ऑफिसकडे येऊ. न्यायशास्त्रातली सहा साधनं देतो, रोज लागतील अशी.

१. आधी त्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगा.

आपल्या शास्त्रांत ग्रंथकार आधी पूर्वपक्ष मांडतो, तोही जोरात. न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या बावीस जागा सांगितल्यात, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातलं एक आहे अननुभाषण. समोरच्याने तीनदा सांगितलं, सभेला कळलं, तरी तुम्हाला त्याचा मुद्दा परत मांडता आला नाही तर तुम्ही हरलात. किती कडक नियम आहे बघा. मीटिंगमध्ये एवढंच म्हणायचं: "सर, तुमचं म्हणणं असं की आता डेटाबेस बदलला नाही तर दिवाळीच्या गर्दीत सिस्टीम टिकणार नाही. बरोबर समजलो ना मी?" निम्मे वाद इथेच मिटतात, कारण तो म्हणतो, "नाही, मला तसं नव्हतं म्हणायचं."

२. "म्हणून"च्या आधीचा भाग पकडा.

प्रत्येक मुद्द्यात एक प्रतिज्ञा असते आणि एक हेतू, म्हणजे कारण. आपण प्रतिज्ञेशी भांडत बसतो. भांडायचं नाही, हेतू तपासायचा. हेतूसारखा दिसतो पण हेतू नसतो तो हेत्वाभास. गौतमांनी असे पाच सांगितलेत, त्यातले तीन आपल्याला रोज भेटतात.

सव्यभिचार: कारण दोन्हीकडे लागू पडतं. "क्लायंट मोठा आहे, म्हणून हे काम तातडीचं." मोठ्या क्लायंटची सावकाश चालणारी कामंही असतात. असं एक उदाहरण दाखवलं की पुरे.

विरुद्ध: कारण उलटंच सिद्ध करतं. "वेळ कमी आहे, म्हणून टेस्टिंग वगळू." वेळ कमी आहे म्हणूनच दुसऱ्यांदा करायला वेळ नाही. मग एकदाच नीट केलं पाहिजे.

साध्यसम: कारणालाच पुरावा लागतो. "हे डिझाइन चांगलं, कारण ते सगळ्यात प्रगत आहे." प्रगत आहे हे कशावरून? तेच तर सिद्ध करायचंय.

३. कावळा आणि फांदी वेगळे करा.

काकतालीय न्याय आपण शाळेत शिकलो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. एकामागोमाग दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असं होत नाही. त्यावर उपाय अन्वय आणि व्यतिरेक. अन्वय म्हणजे ते असताना हे घडतं का. व्यतिरेक म्हणजे ते नसताना हे थांबतं का. पहिली अर्धी परीक्षा सगळे करतात, दुसरी अर्धी कोणी करत नाही. आपण सॉफ्टवेअरवाले बग शोधताना दिवसभर हेच करतो, फक्त माणसांबद्दल बोलताना विसरतो.

४. ओलं लाकूड शोधा.

नैयायिकांचं लाडकं उदाहरण आहे हे. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे नाही. धुराला ओलं लाकूड लागतं. मधे लपलेल्या अशा अटीला उपाधी म्हणतात. "नवीन मुलं घेतली की प्रोजेक्ट लांबतो" असं कोणी म्हणालं तर विचारायचं, नवीन मुलं दिली जातात कोणत्या प्रोजेक्टला? बऱ्याचदा आधीच लांबलेल्या. मग उशीर मुलांमुळे झाला, की उशीर झाला म्हणून मुलं आली?

५. त्याचंच म्हणणं पुढे चालवून बघा.

भास्कराचार्यांची रीत. "एका सर्व्हरवर भरवसा नाही, म्हणून त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा हवा." बरं. दुसऱ्यावर नजर कोण ठेवणार? तिसरा? कुठेतरी थांबावं लागेलच. मग कुठे थांबायचं आणि का, यावर बोलू. न संपणाऱ्या साखळीला अनवस्था म्हणतात. ती दाखवली की चर्चा आपोआप कामाच्या प्रश्नावर येते.

६. वाट बदलली की शांतपणे परत आणा.

तीन सवयी ओळखायला शिका. छल म्हणजे तुमच्या शब्दाला दुसरा अर्थ लावून उत्तर देणं. तुम्ही म्हणालात "हे आज झेपणार नाही", तो म्हणाला "म्हणजे तुम्हाला जमत नाही". अर्थांतर म्हणजे विषयच बदलणं. आणि मतानुज्ञा म्हणजे आरोपाला उत्तर न देता "तुमच्याकडूनही झालं होतं" म्हणणं. शास्त्र म्हणतं, असं बोलणाऱ्याने आपला दोष मान्य केला. मतानुज्ञेला भडकून उत्तर द्यायचं नसतं. "तोही विषय घेऊ, आधी हा संपवू." बस्स.

एका मीटिंगमध्ये हे असं वापरलं

नुसती यादी वाचून काही होत नाही, म्हणून एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव नको.

एका शुक्रवारी दुपारी चार वाजता आमच्या टीममधल्या नव्या मुलाचा एक बदल सिस्टीमवर गेला. सव्वाचारला सिस्टीम बंद पडली. सोमवारी चौकशीची मीटिंग. मुलाचं प्रोबेशन संपायला महिना राहिलेला. दुसऱ्या टीमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुरुवातच केली, "बदल गेला आणि पंधरा मिनिटांत सिस्टीम झोपली. यात चर्चा कसली? अशा मुलाला कायम करायचं का, हा प्रश्न आहे."

अशा वेळी दयाळू माणसाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "लहान आहे, सांभाळून घ्या." ते मी मुद्दाम टाळलं. सांभाळून घ्या म्हणजे दोष मान्य केला, आता शिक्षा कमी करा. दया चांगलीच, पण दोष कोणाचा हे ठरायच्या आधी दया मागितली तर ती अन्यायाला हातभार लावते.

मी आधी त्यांचाच मुद्दा मांडला. "तुमचं म्हणणं, बदल आणि बंद पडणं यात पंधरा मिनिटांचं अंतर आहे आणि मधे दुसरं काही घडलं नाही, म्हणून कारण तोच." ते म्हणाले, "अगदी." मग व्यतिरेक. हा बदल जिथे गेलाच नाही अशी एक जागा आमच्याकडे होती, दुसऱ्या ठिकाणचे सर्व्हर. तिथला आलेख पडद्यावर लावला. डेटाबेसची उघडी राहिलेली कनेक्शन्स तिथेही तशीच चढत होती, आणि दोन्हीकडे चढण बुधवारी रात्रीपासून सुरू होती. बुधवारी रात्री चालणारं एक काम बदललं होतं. ते कनेक्शन उघडत होतं, बंद करत नव्हतं. म्हणजे मुलाच्या बदलाआधी दोन दिवस बादली भरत आली होती.

आता इथे थांबलो असतो तर जिंकलो असतो. पण आलेखात आणखी एक गोष्ट दिसत होती आणि ती आमच्या बाजूची नव्हती. मुलाच्या बदलाने प्रत्येक पानामागे डेटाबेसला एक जादा फेरी वाढली होती, आणि गर्दी असताना काय होईल हे तपासलेलं नव्हतं. शेवटचा तांब्या त्याचा होता. तेही मी मांडलं. वाद म्हणजे हेच, की आपल्या विरुद्ध जाणारा पुरावाही आपणच टेबलावर ठेवायचा. जल्पात तो लपवतात.

त्यावर दोन गोष्टी आल्या. "त्याचं काम तसंही कच्चं असतं." हे अर्थांतर. मी म्हटलं, त्याच्या कामाचा आढावा वेगळा घेऊ, आज सिस्टीम का पडली तेवढं ठरवू. मग आलं, "तुमच्या टीमने मागच्या महिन्यात काय केलं होतं?" ही मतानुज्ञा. त्याला उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, "सर, बुधवार रात्रीच्या चढणीचं तुमच्या मते कारण काय असेल?"

ते थोडा वेळ आलेखाकडे बघत बसले. मग म्हणाले, "कनेक्शन्स एवढी चढली तरी कोणाला अलार्म कसा गेला नाही?" खरं सांगू, त्या मीटिंगमधला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता, आणि तो त्यांनी विचारला. अहवालात तीन गोष्टी आल्या: रात्रीचं काम दुरुस्त करणे, गर्दीची चाचणी सक्तीची करणे, अलार्म लावणे. अलार्मची सूचना त्यांच्या नावाने लिहिली, कारण ती त्यांचीच होती. मुलाचं नाव अहवालात आलंच नाही. पुढच्या महिन्यात तो कायम झाला.

समोरच्याला वाद नकोच असेल तर?

हा प्रश्न खरा आहे. सगळे आलेखाकडे बघत नाहीत. काहींचा निर्णय आधीच झालेला असतो.

चरकसंहितेत याचं फार व्यवहारी उत्तर आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्यांनी एकमेकांशी चर्चा कशी करावी ते सांगितलंय. म्हणजे तीही कामाच्या ठिकाणचीच चर्चा, आणि तिथे चूक झाली तर रोगी दगावणार. चरक दोन प्रकार करतात. संधाय संभाषा म्हणजे मैत्रीतली, आणि विगृह्य संभाषा म्हणजे सामन्याची. मैत्रीतल्या चर्चेत बिनधास्त बोला, बिनधास्त विचारा. हरण्याची भीती नको, हरवल्याचा आनंद नको, बाहेर जाऊन बढाई नको, आणि अज्ञानाने एकच बाजू धरून बसू नका. सामन्याच्या चर्चेत उतरण्याआधी मात्र आपली तयारी, समोरच्याची तयारी आणि सभा कशी आहे, हे तपासून घ्या. सभा आधीच आपल्या विरोधात असेल तर तिथे बोलूच नका.

म्हणजे भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मुद्दा खोडणं हा एकच मार्ग नाही. आधी चहाला जाऊन "दादा, या एका आकड्यावर मला शंका आहे" म्हणणं हाही वादच. बऱ्याचदा तोच जास्त चालतो, कारण तिथे सभा नसते, म्हणून लाजही नसते.

आणि जल्प, वितंडा कधीच नको का? न्यायसूत्रांत त्यांना एक जागा दिलेली आहे. कोवळ्या अंकुराभोवती जसं काट्यांचं कुंपण घालतात, तसं ते सत्याच्या रक्षणासाठी. आमच्याकडे बांधावर बाभळीच्या फांद्या लावतात, ते डोळ्यांसमोर आणा. गुरं शेतात शिरू नयेत एवढ्यापुरते ते काटे. कोणी शेतात काटे पेरत नाही. एखाद्याने खोटा आरोप रेटलाच तर "तुम्ही पुरावा दाखवा, तोवर हा आरोप नोंदवू नका" एवढं म्हणून थांबवणं, हे कुंपण झालं. रोजच्या बोलण्यात ते नको.

आता आतली बाजू

तर्क शिकला की एक धोका येतो. तो चाकूसारखा हातात बसतो आणि मग घरीही चालतो. आईने सांगितलं "उपवासाच्या दिवशी असं करू नये" की आपण हेत्वाभास शोधायला लागतो. बायकोच्या वाक्यात अर्थांतर सापडतं. मंडळी, हे साधन घराच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं. घरात बहुतेक वेळा प्रश्न कोण बरोबर हा नसतोच.

ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला माउली गणेशाचं रूप वर्णन करतात. सहा दर्शनं म्हणजे त्याचे हात. एका हातात परशू आहे, तो तर्क. आणि संवाद? तो त्याचा दात, समतेच्या पांढऱ्या रंगाचा. मला यातली मांडणी फार अर्थपूर्ण वाटते. परशू हातात धरलेला आहे. गरज पडेल तेव्हा उचलायचा, नाहीतर खाली ठेवता येतो. दात हा देहाचाच भाग. तर्क आपण वापरायचा, संवाद आपण असायचं. आणि भास्कराचार्यांची लीलावतीही गणेशाला वंदन करूनच सुरू होते. एवढा मोठा वादपटू, पण आधी डोकं टेकवून मग लेखणी उचलली.

स्वतःला तपासायला मी तीन प्रश्न ठेवलेत. मीटिंगला जाण्याआधी मनातल्या मनात विचारतो. पहिला, मी चुकीचा ठरलो तर मला कळायला आवडेल का? दुसरा, माझ्या विरुद्ध जाणारा पुरावा मी सोबत घेतलाय का? तिसरा, मीटिंग संपल्यावर या माणसासोबत मला जेवता येईल का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर तो वाद. मग निःसंकोच बोलायचं, आवाज न चढवता, पण मुद्दा न सोडता. गीतेच्याच सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय: कोणाला न बोचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं. त्यात "खरं" गाळायला परवानगी नाही आणि "न बोचणारं" गाळायलाही नाही. दोन्ही एकाच वाक्यात सांभाळणं अवघड आहे, म्हणून तर त्याला तप म्हटलंय.

आजचा अभ्यास

- आज दिवसभरात एका चर्चेत उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याच्यासमोर मांडा आणि "बरोबर ना?" विचारा. एवढंच, बाकी काही खोडू नका.
- कोणीही "याच्यामुळे झालं" म्हणालं की मनात व्यतिरेक लावा. हे नसतं तर झालं नसतं का?
- गप्प बसलेल्या एका माणसाची आठवण करा, ज्याच्याबद्दल चर्चा झाली पण ज्याला बोलायची संधी मिळाली नाही. पुढच्या वेळी त्याची बाजू कोण मांडणार, ते आजच ठरवा.
- रात्री झोपताना श्लोक ३२ एकदा म्हणा आणि दिवसातल्या वादांपैकी किती "वाद" होते ते मोजा. मोजून सोडून द्या. स्वतःवर चिडायचं नाही.

उद्या श्लोक ३३. तिथे भगवंत म्हणतात, समासांमध्ये द्वंद्व मी. शाळेत शिकलोय ना आपण, आई-वडील, राम-लक्ष्मण. द्वंद्व समासात दोन्ही पदं प्रधान असतात, कोणी कोणाच्या पोटात जात नाही. वादाच्या लगेच पुढच्या श्लोकात हा समास आलाय. त्यावर उद्या बोलू.

राम कृष्ण हरी.